हळू माणूस आणि उरलेली पार्सलं

माल घरपोच देणारी कुठलीही शाखा घ्या, तिथे एक हळू माणूस असतोच. कुरियर असो, गॅस एजन्सी असो, नाहीतर पाण्याचे जार टाकणारा टेम्पो असो. सकाळी सगळे एकदम निघतात. दुपारी चारला बाकीचे परत येऊन चहा पीत बसलेले असतात आणि हा गडी अजून निम्मा माल घेऊन कुठल्यातरी गल्लीत पत्ता विचारत फिरत असतो. मग पाचच्या सुमारास साहेबांचा फोन जातो, "जरा त्याचे वीस-पंचवीस उचल रे." ज्याला फोन जातो तो नेमका सगळ्यात आधी मोकळा झालेला असतो. त्या वीस-पंचवीस पार्सलांचं त्याला जास्तीचं काही मिळत नाही. मिळतं ते एवढंच, "तू आहेस म्हणून बरंय बाबा."

मी पुण्यातल्या एका कुरियर शाखेत २०१३ ते २०१९ अशी सहा वर्षं काढली. माझं काम सकाळचं. हबवरून आलेल्या बॅगा फोडायच्या, माल भागाप्रमाणे लावायचा, प्रत्येकाची शीट काढायची आणि गाड्या हलवायच्या. पाच टेम्पो (लोक छोटा हत्ती म्हणतात ते) आणि आठ-नऊ टू व्हीलरवाली पोरं. कुणाला किती आणि कुठला माल जाणार हे सकाळच्या दीड तासात ठरायचं, आणि त्यावरून होणारी भांडणं माझ्याच टेबलापाशी व्हायची. तेव्हा या विषयावर माझी मतं जरा ठाम आहेत, हे आधीच सांगून ठेवतो.

पहिलं मत असं की तक्रार करणाऱ्याची तक्रार खरी असते. 'हळू आहे बिचारा, सांभाळून घ्या' असं सांगणारे लोक बहुधा स्वतः कधी कुणाचं उरलेलं उचलायला गेलेले नसतात. हिशोब करून बघा. पंचवीस पार्सलं म्हणजे साधारण दीड तास. आठवड्यातून चार वेळा म्हटलं तर सहा तास. महिन्याचे झाले चोवीस तास, म्हणजे आठ तासांचे पूर्ण तीन दिवस. तीन दिवस फुकट! वर पेट्रोल स्वतःचं (आमच्याकडे टू व्हीलरला रोजचा पेट्रोलभत्ता ठरलेला होता, जास्त फिरलात तर तुमचं तुम्ही बघा). आणि याला नाव काय, तर संघभावना. वरचे साहेब लोक महिन्यातून एकदा यायचे आणि या संघभावनेवर पंधरा मिनिटं बोलून जायचे. पोरं मान डोलवायची.

पण मंडळी, हे तीन दिवस त्या हळू माणसाने घेतलेले नसतात. तो तर त्या वेळी रस्त्यावरच असतो, घरी झोपलेला नसतो. हे तीन दिवस शाखेच्या खात्यात जमा होतात. पाच टेम्पोंचं काम सहा टेम्पोंएवढं झालं की सहावा टेम्पो लावायला हवा. तो न लावता जे वाचतं, ते या पोराच्या दीड-दीड तासातून येतं. आणि भांडण मात्र कुणाचं लागतं? हळू आणि जलद अशा दोन ड्रायव्हरांचं. ज्याच्यामुळे माल उरतो असं वाटतं तो समोर असतो, म्हणून शिव्या त्यालाच पडतात.

आता 'हळू' म्हणजे नक्की काय ते बघू, कारण इथेच मोठी गंमत आहे.

शीटवर खाली आकडा असतो. समजा ७०. यालाही ७०, त्यालाही ७०. कागदावर अगदी समान वाटप. आता हे पहिले सत्तर बालेवाडीतले आहेत. एका सोसायटीत वीस, शेजारच्या टॉवरमध्ये पंधरा. गाडी एकदा लावायची, गेटवर रजिस्टरमध्ये नाव लिहायचं, सर्व्हिस लिफ्टने वर जायचं आणि एकेक मजला उतरत खाली यायचं. गेटवरचा वॉचमन कधीकधी छळतो, पण एकदा आत शिरलात की तासाभरात तीस-पस्तीस पार्सलं संपतात. दुसरे सत्तर सदाशिव आणि नारायण पेठेतले. तिथे टेम्पो आत जातच नाही. कुठेतरी कडेला लावायचा (आणि वाहतूक पोलिसांची उचलगाडी येत नाही ना यावर एक डोळा ठेवायचा), दहा-बारा पार्सलं पिशवीत घालून पायी हिंडायचं, परत येऊन पुढची दहा-बारा घ्यायची. पत्ता काय, तर पत्र्या मारुतीजवळ. बरं, मारुतीजवळ घरं किती? वाड्यात लाकडी जिना, जिन्यात अंधार, वर गेलात की कळतं ते कुटुंब मागच्या सोप्यात राहतं आणि तिथला जिना वेगळा आहे. दुपारी १ ते ४ या वेळेवर अख्खा महाराष्ट्र विनोद करतो. पेठेत डिलिव्हरी करणाऱ्याला तो विनोद रोज शीटवर दिसतो. बेल वाजवली तर आजोबा रागावतात, नाही वाजवली तर साहेब रागावतात. आणि गणपतीचे दहा दिवस तर विचारूच नका. रस्ते बंद, मांडव मध्ये, संध्याकाळी चारनंतर माणसाला चालायला जागा नाही, पण शीट ७० चीच.

तिसरा प्रकार धायरी, नऱ्हे, आंबेगाव बाजूचा. तिथे पत्ता म्हणजे सर्व्हे नंबर. एकाच सर्व्हे नंबरात पन्नास इमारती आणि त्यातल्या तिघींचं नाव साईकृपा! प्रत्येक पार्सलाला फोन करावा लागतो आणि फोनवर "तिथून सरळ या" एवढंच ऐकू येतं. कुठून सरळ ते कळायच्या आत फोन बंद.

वजनाचं तर मी बोलतच नाही. दहा किलो आटा आणि मोबाईलचं कव्हर, दोन्ही एकेकच पार्सल. लिफ्ट नसलेल्या चौथ्या मजल्यावर डंबेल्सची जोडी घेऊन गेलेला माणूस खाली येऊन दोन मिनिटं बसला, तर ती दोन मिनिटं कुठे मांडायची?

तर, सत्तर आणि सत्तर सारखे नसतात हे प्रत्येक ड्रायव्हरला ठाऊक असतं. फक्त शीट काढणाऱ्या कॉम्प्युटरला ठाऊक नसतं. आणि बारकाईने पाहिलंत तर दिसेल की वाईट भाग बहुधा त्यालाच मिळतो ज्याला भांडता येत नाही. आमच्याकडे पेठा होत्या काकांकडे.

काका म्हणजे आमच्या शाखेचे अधिकृत हळू. पन्नाशी उलटलेली. आधी एका छापखान्यात होते, तो बंद पडला तेव्हा लायसन्स काढून टेम्पोवर आले. मला पोराएवढा असूनही 'साहेब' म्हणायचे, मी त्यांना काका. सगळी पोरं वैतागलेली. "काकांना घरी बसवा नाहीतर गोडाऊनमध्ये घ्या," असं एकाने मला तोंडावर सांगितलं होतं. तसा तो वाईट पोरगा नव्हता. सलग पाच दिवस त्याने काकांचं उरलेलं काढलं होतं आणि सहाव्या दिवशी त्याच्या बहिणीला बघायला पाहुणे येणार होते. त्या संध्याकाळीही त्याला फोन गेलाच.

मग एके दिवशी सगळ्यांच्या शीट काढून झाल्यावर मी काकांच्या शेजारी टेम्पोत जाऊन बसलो. हे कुणीही करावं असं माझं मत आहे. एखाद्याला हळू म्हणण्याआधी एक दिवस त्याच्या गाडीत बसायचं. महिनाभराच्या आकड्यांतून जे कळत नाही ते पहिल्या दहा थांब्यांत कळतं.

काय दिसलं? एक म्हणजे, माल टेम्पोत जसा हातात आला तसा भरलेला. त्यामुळे दर थांब्याला मागचं दार उघडून पाच-सात मिनिटं शोधाशोध. दुसरं, चष्मा. पत्ता वाचायला लावायचा, गाडी चालवायला काढायचा, मोबाईलवर बघायला परत लावायचा. तिसरं, गुडघे. वाड्याचे जिने उतरताना ते कठड्याला धरून एकेक पायरी घेत होते. आणि चौथी गोष्ट, जी मला सगळ्यात मोठी वाटते. माणूस घरी नसेल तर काका पार्सल कुणाकडेही ठेवत नव्हते. फोन करायचे, थांबायचे, पुन्हा फोन करायचे, नाही जमलं तर परत आणायचे.

"काका, शेजारच्या काकू घेतायत ना, द्या की त्यांच्याकडे."

"नको साहेब. एकदा दिलं होतं. आत मोबाईल निघाला. तो काही पार्टीला मिळाला नाही. चौदा हजार कापले माझे, पगारातून, हप्त्याहप्त्याने. तुमच्या आधीची गोष्ट आहे."

आता बघा हं. शाखेचा लेखी नियम काय होता? पार्सल ज्याच्या नावाचं त्याच्या किंवा घरच्या माणसाच्या हातात द्यायचं आणि सही घ्यायची. हा नियम अख्ख्या शाखेत पाळणारा माणूस एकच, आणि तोच हळू. बाकीची पोरं गेटवर वॉचमनकडे गठ्ठा ठेवून पुढच्या सोसायटीला निघालेली असायची, सह्या स्वतःच गिरवलेल्या. (पावतीवरची ती नागमोडी रेघ तुम्हीही कधीतरी पाहिली असेल. ती कुणाचीच सही नसते.) हे साहेबांना माहीत होतं, मला माहीत होतं, सगळ्यांना माहीत होतं. चारला मोकळं होता यायचं ते बरंचसं याच्यामुळे. आणि पार्सल हरवलं की कापाकापी त्याच पोराच्या पगारातून. म्हणजे वेग शाखेला हवा, तो कसा येतो हे विचारायचं नाही, आणि अंगाशी आलं की "तुला नियम माहीत नव्हता का?"

याचा अर्थ काकांचं सगळं बरोबर होतं असं मी म्हणत नाही. माल भरायची पद्धत चूकच होती, आणि ती त्यांना कुणी सांगितलीच नव्हती. शेवटचा थांबा सगळ्यात आत, पहिला दाराशी, एवढी साधी गोष्ट. जलद पोरांना ती येत होती, पण सांगायची कुणी? सांगितलं तर काका सुधारणार, हे कुणाच्या डोक्यात नव्हतं, कारण ते हळूच असणार हे सगळ्यांनी धरून ठेवलेलं. दुसऱ्या दिवसापासून अर्धा तास आधी बोलावून माल रस्त्याप्रमाणे भरून घेतला. मोबाईलची अक्षरं मोठी करून दिली. साताला येणारे काका साडेपाचला यायला लागले. चारला कधीच आले नाहीत. पन्नाशीतले गुडघे आणि पेठेतले जिने, चारला येणार कसे?

इथपर्यंत वाचून तुम्हाला वाटेल, म्हणजे आळशी कुणी नसतोच, सगळे बिचारेच असतात. अजिबात नाही. आमच्याकडे दुसरा एक होता. तिशीतला, धडधाकट, बोलायला गोड, साहेबांना वाढदिवसाला आठवणीने फोन करणारा. याचा टेम्पो दुपारी तास-दीड तास सारसबागेपाशी टपरीवर असायचा. पण गंमत बघा, याच्याविरुद्ध तक्रारच नव्हती! कारण याचं कधी काही उरायचंच नाही. न गेलेल्या पार्सलांवर तो 'दरवाजा बंद' असा शेरा मारायचा. शेरा मारला की त्या दिवसापुरतं ते पार्सल हिशोबातून सुटतं. दुसऱ्या दिवशी नव्या शीटवर येतं आणि ती शीट कुणाला जाईल ते सांगता येत नाही. काकांचं उरलेलं संध्याकाळी सगळ्यांच्या डोळ्यांसमोर टेबलावर यायचं. याचं उरलेलं रोज थोडंथोडं सगळ्यांच्यात वाटलं जायचं आणि कुणाला पत्ताही लागायचा नाही.

तो सापडला तो ग्राहकांच्या फोनमुळे. "अहो, मी सकाळपासून घरात आहे, तुमचा माणूस आलेलाच नाही." असे एका दिवसात तीन फोन, एकाच शीटवरचे. अशा माणसाशी संघभावनेच्या गप्पा मारू नयेत. त्याला समोर बसवून, शेरे आणि फोन शेजारीशेजारी ठेवून, स्वच्छ विचारावं आणि पुन्हा झालं तर निरोप द्यावा. आमच्याकडे तसंच झालं आणि कुणालाही वाईट वाटलं नाही. काकांची खिल्ली उडवणारी पोरं मात्र काही दिवस जरा गप्प होती.

ही भानगड आपल्याकडचीच आहे असंही नाही. अमेरिकेत शिकागोजवळ वेस्टर्न इलेक्ट्रिकचा हॉथॉर्न कारखाना होता. तिथे १९३१-३२ मध्ये संशोधकांनी टेलिफोन यंत्रणेच्या वायरिंगचं काम करणाऱ्या चौदा जणांना एका वेगळ्या खोलीत बसवून काही महिने त्यांचं निरीक्षण केलं. या लोकांचा मोबदला सगळ्या गटाच्या कामावर ठरायचा. त्यांनी दिवसाचं काम किती करायचं हे आपसात ठरवून टाकलं होतं. जास्त करील तो 'रेट बस्टर', म्हणजे दर बिघडवणारा. फार कमी करील तो 'चिझलर', म्हणजे दुसऱ्यांच्या जिवावर खाणारा. दोघांनाही दंडावर गुद्दा बसायचा आणि त्या गुद्द्यालाही नाव होतं, 'बिंगिंग'. त्यांची बुद्धीची आणि हाताच्या चपळाईची परीक्षा घेतली, तर सगळ्यात कमी काम करणारा वायरमन बुद्धीत पहिला आणि चपळाईत तिसरा निघाला! म्हणजे हळूपणा नुसता हातापायांत असतो असं मानायला जागा नाही.

जास्त करणाऱ्याला गुद्दा का, हे कुठल्याही डिलिव्हरीवाल्याला समजावून सांगावं लागणार नाही. एकाने ९० पार्सलं तीन वाजता संपवली की पुढच्या महिन्यात सगळ्यांच्या शीट ९० च्या होतात. आमच्याकडे गुद्दे नव्हते, पण नवीन पोरगा फार पळायला लागला की कुणीतरी त्याला चहाला नेऊन "जरा दमानं घे" असं सांगायचं. ते मला कधी चुकीचं वाटलं नाही. धावणाऱ्याला मिळणारं बक्षीस जर आणखी पार्सलं हेच असेल, तर शहाणा माणूस धावणार नाही.

मग कुणाला हे जमलंय का? मला तरी आपल्याच लोकांचं उदाहरण दिसतं, मुंबईच्या डबेवाल्यांचं. महादू हावजी बच्चे यांनी १८९० च्या सुमारास सुरू केलेली ही पद्धत. त्यांच्या अचूकपणाचं इतकं कौतुक झालंय की त्यात मी भर घालत नाही (२०१० मध्ये हार्वर्डने त्यांच्यावर केस स्टडी केला, तेव्हापासून तर मॅनेजमेंटच्या प्रत्येक भाषणात ते येतातच). मला त्यांची दुसरी एक बाजू जास्त महत्त्वाची वाटते. ते टोळ्या करून काम करतात. टोळीला मुकादम असतो आणि तो स्वतः या धंद्यात मुरलेला असतो. टोळीची कमाई सभासदांत साधारण सारखी वाटली जाते. कुणी साठेक किलोची डब्यांची पाटी डोक्यावर घेऊन लोकलच्या लगेजच्या डब्यात चढतो, कुणी सायकलवर घरोघरचे डबे गोळा करतो. काम वेगवेगळं, वाटा सारखा. न सांगता गैरहजर राहिलं, टोपी घातली नाही, तर दंड, आणि तो सगळ्यांना माहीत असलेला. शिवाय टोळीत गरजेपेक्षा दोन-तीन माणसं जास्तीची धरलेली असतात, म्हणजे एखादा मागे पडला तर सावरायला हात असतो. २०२० च्या टाळेबंदीत या धंद्याला जबर फटका बसला आणि डबेवाल्यांची संख्या बरीच घटली. पण त्याचं कारण ऑफिसं बंद होणं हे होतं, त्यांच्या वाटपात खोट नव्हती.

तिथे हळू माणूस नसतो का? असणारच. पण म्हातारा झालेला गडी कुठल्या कामावर घ्यायचा हे ठरवणारा मुकादम त्याच्याच मावळातला किंवा जुन्नरकडचा, त्याला वीस वर्षं ओळखणारा. आणि उरलेलं उचलणाऱ्याला माहीत असतं की फायदा जो काही होईल तो टोळीतच राहणार. आमच्या पोराला हेच तर माहीत नव्हतं.

हल्ली याच्यावर एक तिसराच उपाय निघालाय, मोबाईल अॅपचा. पार्सलामागे, ऑर्डरमागे पैसे. करशील तेवढे घे. हळू आहेस? कमी मिळतील, दुसऱ्याला त्रास नाही. भांडण संपलं! नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालात अशा गिग कामगारांची संख्या २०२०-२१ साली ७७ लाख दिली होती, आणि २०२९-३० पर्यंत ती २.३५ कोटी होईल असा अंदाज होता. काकांचं उरलेलं काढणारा तो पोरगाही शेवटी एका अशाच कंपनीत गेला. सुरुवातीला खूश होता. "कुणाचं काही उचलावं लागत नाही," म्हणाला. मग डेंग्यू होऊन तीन आठवडे पडला. त्या तीन आठवड्यांत त्याचंही कुणी काही उचललं नाही, आणि पैसे शून्य. बरा होऊन परत आला तर चांगल्या वेळेचे स्लॉट मिळेनात. का मिळत नाहीत हे विचारायला टेबलापाशी माणूसच नव्हता. निदान माझ्याशी भांडता तरी यायचं.

कायदे आता येतायत. राजस्थानने २०२३ मध्ये केला, कर्नाटकाने २०२५ मध्ये, आणि केंद्राची २०२० ची सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. विमा, कल्याण निधी, नोंदणी हे त्यांचे विषय. चांगलंच आहे ते. पण कुणाला पेठा आणि कुणाला बालेवाडी, हा प्रश्न त्या कायद्यांच्या बराच खाली, सकाळच्या त्या दीड तासात असतो.

मला विचाराल तर तिथे करण्यासारखं बरंच आहे आणि त्यासाठी हार्वर्डची गरज नाही. वाटप पार्सलांच्या आकड्यावर करू नका, तासांवर करा. कुठल्या भागाला सत्तरला किती वेळ लागतो हे ड्रायव्हरांनाच विचारा. ते खोटं सांगतील अशी भीती वाटते ना? मग भाग फिरते ठेवा, दर दोन-तीन महिन्यांनी बदला. ज्याला पुढच्या पाळीला स्वतःला पेठेत जायचंय तो पेठेबद्दल खोटं सांगत नाही. आम्ही हे एकदा करून पाहिलं. पहिला आठवडा भयंकर गेला. बालेवाडीचा राजा पेठेत गेला आणि रात्री आठला परत आला! भाग नवीन की वेळ लागणारच, पत्ते पाठ व्हायला महिना जातो, हा या पद्धतीचा तोटा आहेच. पण तो राजा त्यानंतर काकांना काही बोलला नाही. काका बालेवाडीत लिफ्टने वरखाली करत पाचच्या आत मोकळे होत होते, आणि चहाच्या वेळी हजर असत. पुढे वरून फोन आला की आकडे पडले, जुनेच भाग परत लावा. असो.

आणि उरलेल्याचे पैसे. हा माझा सगळ्यात मोठा मुद्दा. अमेरिकेत यूपीएसच्या ड्रायव्हरांची टीमस्टर्स ही युनियन आहे. त्यांच्या करारात साडेनऊ तासांचं एक कलम आहे. ज्या ड्रायव्हरने त्या यादीत नाव दिलंय त्याला वारंवार साडेनऊ तासांपेक्षा जास्त काम लावलं तर कंपनीला दंडाचे पैसे त्याला मोजावे लागतात. तिथले ड्रायव्हर खूप सुखी आहेत असं मला म्हणायचं नाही, त्यांच्याही तक्रारी ढीगभर असतात. पण जास्तीच्या मालाची किंमत तिथे शाखेच्या वहीत दिसते. ती दिसायला लागली की हळू माणसाचं काय करायचं, सहावा टेम्पो लावायचा की नाही, माल भरायला कुणी शिकवायचं, हे सगळे प्रश्न साहेबांना स्वतःहून सुचायला लागतात.

यावर मला हमखास मिळणारं उत्तर म्हणजे, "परवडत नाही." कसं परवडत नाही ते सांगतो. दसरा-दिवाळीचा सेल आला की माल तिप्पट व्हायचा आणि शाखा बाहेरचा टेम्पो लावायची. त्या टेम्पोवाल्याला पार्सलामागे पैसे ठरलेले. संध्याकाळी तो माझ्या टेबलापाशी यायचा, मी शीट मोजायचो, शंभराच्या नोटा मोजून त्याच्या हातात द्यायचो, तो सही करायचा. आणि त्याच संध्याकाळी, त्याच टेबलावरून, आमच्या पगारी पोराला उरलेल्या पंचवीसांची पिशवी जायची. फुकट. दोघेही एकाच भागात, कधीकधी एकाच सोसायटीत जायचे. पोराने एकदा मला विचारलं, "साहेब, मी पण बाहेरचा होऊ का?" मी तो प्रश्न जसाच्या तसा वर लिहून पाठवला होता. त्याचं उत्तर मी नोकरी सोडेपर्यंत आलेलं नव्हतं.